सलून-पार्लर टाकताय? आधी गिऱ्हाईक, लाईट अन् पाणी बघा. खुर्ची नंतर घ्या

पूर्वी गावच्या नाभिकाच्या धोकटीत वस्तरा, कात्री, कंगवा, वाटी अन् नराणी एवढेच असायचे. केस कापायचे अन् नखे काढायची, दोन्ही कामे एकाच बैठकीत व्हायची. आता तालुक्याच्या रस्त्याला लागून असलेल्या मोठ्या गावांत केस आणि नखे दोन्हींचे काम करणारी सलून-पार्लर सुरू होत आहेत. दुकान टाकणाऱ्यांत परंपरेने हा धंदा करणाऱ्या घरांतली तरुण पोरे आहेत, तशाच कोर्स करून आलेल्या मुली आणि सुनाही आहेत.

दुकान टाकताना पहिला खर्च सामानाचा. कुणी म्हैस विकून पैसा उभा करतो, कुणी दागिना गहाण ठेवते, कुणी बँकेचा हप्ता डोक्यावर घेते. शहरातला दुकानदार मात्र एकच गोष्ट सांगतो, "पूर्ण सेट घ्या, एकदाच काम होईल." सेटमधल्या निम्म्या वस्तू गावात चालतच नाहीत. कुठे त्याचे गिऱ्हाईक नसते, कुठे लाईट पुरत नाही, कुठे पाण्याला जोर नसतो. वस्तू कोपऱ्यात पडून राहते, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. म्हणून सामान कसे निवडावे, काय आधी घ्यावे अन् काय थांबवावे, याची ही माहिती.

आधी वही, मग खरेदी

खरेदीला जाण्याआधी पंधरा दिवस एक वही करावी. गावात आणि शेजारच्या तीन-चार वाड्या-वस्त्यांत लोक कोणत्या कामासाठी तालुक्याला जातात, ते विचारून लिहावे. कटिंग-दाढी, केस रंगवणे, आयब्रो, वॅक्स, फेशियल, नवरीचा मेकअप, केस सरळ करणे, जेल पॉलिश, नखे वाढवणे, प्रत्येकापुढे महिन्याला किती जण येतील याचा आकडा मांडावा.

धंद्याचा हंगामही लिहावा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, चातुर्मासात ती थांबते. श्रावणात बरेच पुरुष दाढी-कटिंग करत नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी, पेरणी-काढणीच्या दिवसांत शुकशुकाट. सोयाबीन, कापूस, उसाचा पैसा हातात आला की खर्च होतो. बारा महिन्यांपैकी सात-आठ महिनेच जोरात चालतात असे धरूनच हप्त्याचा हिशेब करावा.

ज्या कामाला महिन्याला दहा गिऱ्हाइकेही दिसत नाहीत, त्याचे मशीन पहिल्या खरेदीत घेऊ नये.

लाईट: कोणती वस्तू किती ओढते

गाळा भाड्याने घेण्याआधी वायरमनला सोबत न्यावे. सामानाचा अंदाजे भार असा:

- केस वाळवायचा ड्रायर: १,००० ते २,००० वॅट
- झटपट पाणी तापवणारा तीन लिटरचा गीझर: ३,००० वॅट
- साठवणीचा गीझर: साधारण २,००० वॅट
- नखांचा यूव्ही-एलईडी दिवा: ३६ ते ४८ वॅट
- चार्जिंगचा ट्रिमर: अगदी थोडा
- एलईडी बल्ब: ९ ते १२ वॅट

घरातल्या साध्या सहा अँपिअरच्या प्लगवर साधारण १,३०० वॅटच्या वर भार टाकू नये. दोन हजार वॅटचा ड्रायर त्यावर लावला तर प्लग तापतो, काळा पडतो, कधी वायर जळते. ड्रायर आणि गीझरसाठी सोळा अँपिअरचे वेगळे पॉइंट अन् जाड वायर हवी. पाण्याजवळ काम असल्याने अर्थिंग अन् ३० मिलीअँपिअरचा गळती-ब्रेकर हे दोन्ही बसवावेच. ओल्या हाताने ड्रायर धरायचा धंदा आहे, हजार-दीड हजार वाचवण्यासाठी यात तडजोड नको.

आता इन्व्हर्टर. एक बॅटरीचा ८५० ते ९०० व्हीएचा इन्व्हर्टर साधारण ७०० वॅटपर्यंतच भार उचलतो. म्हणजे बल्ब, पंखा, ट्रिमर, नखांचा दिवा चालेल; ड्रायर, स्टीमर, गीझर चालणार नाही. १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी असेल तर पंखा, चार बल्ब अन् नखांचा दिवा पाच-सहा तास निघतात. ज्या गावात लाईट जाण्याचे वेळापत्रकच ठरलेले आहे, तिथे ड्रायरचे काम लाईटच्या वेळेतच घ्यावे. मोठ्या इन्व्हर्टरवर तीस-चाळीस हजार घालणे पहिल्या वर्षी परवडत नाही.

दुकानासाठी मीटर व्यावसायिक दराचे लागते का, भार वाढवून घ्यावा लागतो का, हे महावितरणच्या उपविभाग कार्यालयात आधी विचारून घ्यावे. शेतीच्या किंवा घरच्या जोडणीवरून परस्पर वायर ओढू नये.

पाणी: शॅम्पूच्या खुर्चीआधी टाकी बघा

केस धुवायची मागे झुकणारी बेसिन-खुर्ची दिसायला छान असते. पण एका डोक्याला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जाते. दिवसाला दहा डोकी धरली तर दीडशे लिटर झाले. गावाला नळ एक दिवसाआड येत असेल तर पाचशे लिटरची टाकी हवी, अन् ती छतावर हवी. टाकी खाली ठेवली तर हाताच्या शॉवरला जोर येत नाही. काही झटपट गीझर तर कमी दाबावर चालूच होत नाहीत.

बोअरचे पाणी जड असेल तर शॅम्पूला फेस कमी येतो, केस राठ होतात अन् गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. अशा ठिकाणी महागडा गीझर घेण्यापेक्षा साधा घ्यावा अन् वर्षातून एकदा साफ करावा. केस रंगवल्यावर किंवा सरळ केल्यावर धुण्यासाठी नळाचे गोडे पाणी वेगळ्या ड्रममध्ये राखून ठेवावे.

गॅसचा गीझर बंद खोलीत कधीही बसवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. बसवायचाच तर तो गाळ्याबाहेर मोकळ्या हवेत.

सांडपाण्याचेही ठरवावे. बेसिनच्या तोंडाशी केस अडवणारी जाळी, पाइपला उतार अन् मागे शोषखड्डा. केस अन् साबणाचे पाणी उघड्या गटारीत सोडले की शेजाऱ्याशी भांडण ठरलेले.

सुरुवातीला पाण्याची सोय नसेल तर बेसिन-खुर्ची थांबवावी. साधे बेसिन, मग अन् पाणी मारायची बाटली यावर कटिंगचे काम निघते.

खुर्ची आणि आरसा

सगळ्यात जास्त वापर खुर्चीचा, म्हणून इथे काटकसर नको. साधी न हलणारी खुर्ची चार-पाच हजारांत मिळते, चांगली हायड्रॉलिक खुर्ची साधारण दहा ते वीस हजारांत येते. दुकानात बघताना पाच गोष्टी तपासाव्यात:

१. वजनदार माणसाला बसवून दहा वेळा वर-खाली करावी. बसल्या बसल्या हळूहळू खाली येत असेल तर पंप कच्चा.

२. बुडाशी तेल गळाल्याचा डाग आहे का ते बघावे.

३. दाढीसाठी पाठ मागे झुकते का, डोक्याचा टेकू निघतो-बसतो का.

४. पाय ठेवायची पट्टी जाड लोखंडाची आहे का. म्हातारी माणसे तिच्यावर उभी राहून चढतात.

५. पंप अन् कव्हर वेगळे मिळतात का. खुर्ची टिकते, रेक्झिन फाटते.

दहा बाय बाराच्या गाळ्यात दोन खुर्च्या बसतात. दोन्हींच्या मध्ये चार-पाच फूट जागा हवी, नाहीतर काम करताना कोपर लागते. तिसरी खुर्ची घालायचा मोह टाळावा. त्याऐवजी भिंतीकडेला बाक ठेवावा.

आरसा फार महागडा नको, पण त्याच्या दोन्ही बाजूंनी पांढरा उजेड हवा. फक्त डोक्यावर बल्ब असेल तर गालावर सावली पडते अन् रंग नीट दिसत नाही.

बायकांचे काम करायचे असेल तर आडोसा अन् आतून कडी आधी, मशीन नंतर. पुरुष अन् बायकांचे काम एकाच गाळ्यात असेल तर दार किंवा वेळ वेगळी ठेवावी. ही सोय नसेल तर गावातल्या बायका आत येत नाहीत, मग सामान कितीही भारी असो.

केसांची हत्यारे

कात्री साडेपाच ते सहा इंचाची, चांगल्या पोलादाची. एक कापायची, एक केस विरळ करायची अन् एक जादा. रस्त्यावरच्या धारवाल्याकडे चांगली कात्री देऊ नये. साध्या दगडावर तिची पाती बिघडतात.

ट्रिमर दोन घ्यावेत, एक चार्जिंगचा अन् एक वायरचा. लाईट गेली तर चार्जिंगचा, चार्जिंग संपले तर वायरचा. पाते सुटे मिळते का ते विचारूनच कंपनी ठरवावी. रोज काम संपल्यावर ब्रश मारून दोन थेंब तेल टाकले की ट्रिमर टिकतो. बहुतेक ट्रिमर केस अडकून अन् तेलाअभावी बिघडतात.

ड्रायर घेताना वॅटपेक्षा मोटर बघावी. एसी मोटरचा ड्रायर जड असतो पण दिवसभराच्या कामाला टिकतो. घरगुती डीसी मोटरचा हलका अन् स्वस्त असतो, पण सलूनच्या वापरात लवकर जातो. केस सरळ करायची इस्त्री तापमान कमी-जास्त करता येणारी घ्यावी. एकाच तापमानाच्या इस्त्रीने रंगवलेले केस जळतात.

वॅक्सचा हीटर, चेहऱ्याला वाफ द्यायचा स्टीमर, फेशियलचा पलंग अन् चाकांची ट्रॉली हे वहीत गिऱ्हाईक दिसले तरच. पलंग घेतलाच तर पाय लोखंडी अन् कव्हर धुता येणारे असावे.

नखांचे सामान: इथे सगळ्यात जास्त पैसा अडकतो

मोबाईलवर लांब, नक्षीदार नखे बघून मुली विचारतात, म्हणून नखांचा मोठा सेट घेतला जातो. पण शेतात खुरपणारी, भाकरी थापणारी, भांडी घासणारी बाई लांब नखे ठेवत नाही. कायम गिऱ्हाईक मिळते ते नखे कापून-घासून हात-पाय साफ करण्याचे, टाचांच्या भेगांचे अन् जेल पॉलिशचे. नखे वाढवायचे काम बहुतेक नवरीचे, तिच्या बहिणींचे अन् कॉलेजच्या मुलींचे.

म्हणून तीन टप्पे करावेत.

पहिला टप्पा: नेलकटर, कानशी, क्युटिकल मागे सारायची पट्टी, टाचा घासायचा दगड, पाय बुडवायचा टब, टॉवेल. दोन-तीन हजारांत काम सुरू होते.

दुसरा टप्पा: ४८ वॅटचा यूव्ही-एलईडी दिवा, बेस कोट, टॉप कोट अन् जास्तीत जास्त दहा-बारा रंग. शंभर रंगांचा डबा घेऊ नये. गावात लाल, मरून, गुलाबी अन् नवरीसाठी सोनेरी हेच जास्त जातात. बाकीचे वाळून फुकट जातात. नवरीला आठ दिवसांसाठीच नखे हवी असतील तर चिकटवायची तयार नखे हा स्वस्त मार्ग आहे, त्याला मशीन लागत नाही.

तिसरा टप्पा: घासायचे ड्रिल मशीन, टिप्स, जेल किंवा ॲक्रिलिक, धूळ ओढणारा पंखा. हे पूर्ण प्रशिक्षण घेतल्याशिवाय घेऊच नये. जोरात फिरणारे ड्रिल कच्च्या हातात असले तर नख पातळ होते, तापते, मुळाशी जखम होते.

दिवा अन् जेल एकमेकांना जुळणारे हवेत. जेल अर्धवट सुकले तर कातडीला खाज अन् ॲलर्जी होते, ती एकदा झाली की पुन्हा पुन्हा येते. जेल कातडीला लागू न देणे हाच उपाय. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. जेलमध्ये वापरले जाणारे टीपीओ हे रसायन युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केले आहे. ‘टीपीओ नाही’ असे लिहिलेला माल मिळत असेल तर तोच घ्यावा.

ॲसिटोन लगेच पेट घेते. देवापुढची उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, शेगडी त्याच्या जवळ नको. झाकण घट्ट लावून, उन्हापासून लांब ठेवावे. खोलीला एक्झॉस्ट पंखा हवाच.

स्वच्छतेचे सामान विसरू नका

यादीत सगळ्यात शेवटी राहते ते हेच. दाढीच्या पात्याला लागलेले डोळ्यांना न दिसणारे रक्तही हिपॅटायटिस बी पसरवू शकते. हा विषाणू शरीराबाहेर सात दिवसही तग धरतो. म्हणून पाते एका गिऱ्हाइकाला एकच, अन् ते त्याच्यासमोर बदलावे. वापरलेली पाती जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकावीत. उकिरड्यावर टाकली तर जनावराच्या तोंडात जातात.

कात्री, नेलकटर, पट्ट्या आधी साबणाने घासून धुवाव्यात. मग वीस मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवाव्यात. प्लास्टिकचे कंगवे ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवावेत: पाच टक्क्यांचे ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, अन् हे पाणी रोज नवीन करावे. लोखंडाला ब्लीचने गंज चढतो, म्हणून त्याला ते टाळावे किंवा लगेच धुऊन पुसावे. निळ्या उजेडाचे जे ‘स्टरलायझर’ कपाट विकतात, ते साफ केलेली हत्यारे झाकून ठेवायला ठीक आहे. त्यात नुसती ठेवून हत्यारे निर्जंतुक होत नाहीत. काम वाढले की छोटा ऑटोक्लेव्ह घ्यावा.

टॉवेल किमान दोन डझन. एक टॉवेल एका माणसाला, मग धुवायला. हत्यारांचे दोन संच असले की एक उकळत असताना दुसरा चालतो.

रंग अन् क्रीम घेताना डब्यावर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच, मुदत अन् आयात मालावर नोंदणी क्रमांक बघावा. केसांच्या काळ्या रंगात पीपीडी असते, काहींना त्याने तोंड सुजते. नवीन गिऱ्हाइकाला कानामागे थोडा रंग लावून ४८ तास थांबावे. केस सरळ करायच्या काही क्रीमना तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडची वाफ येते. ग्लायऑक्सिलिक ॲसिडच्या क्रीमनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. वाफ कोंडणाऱ्या गाळ्यात हे काम घेऊ नये.

पैसा कुठून, अन् हप्ता किती

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत नाभिक व्यवसाय आहे. आधीपासून हाताने हे काम करणाऱ्यांसाठी ती आहे; वय किमान १८, एका कुटुंबातून एकच जण. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत ई-व्हाउचर, अन् पाच टक्के व्याजाने पहिले एक लाखापर्यंतचे कर्ज १८ महिन्यांसाठी मिळते. नोंदणी सीएससी केंद्रावर होते, पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडून.

नव्याने धंदा टाकणाऱ्यांसाठी पीएमईजीपी आहे. ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, अन् महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरे गटांना ३५ टक्के अनुदान. ही योजना नव्या युनिटलाच आहे, म्हणून आधी दुकान टाकून मग अर्ज केला तर उपयोग नाही. लहान गरजेला मुद्रा योजनेतले शिशू कर्ज ५० हजारांपर्यंत मिळते.

हप्त्याचा हिशेब असा. एक लाख, पाच टक्के, १८ महिने, म्हणजे महिन्याला साधारण ५,८०० रुपये. एका कटिंग-दाढीचे शंभर रुपये धरले तर ५८ गिऱ्हाइके फक्त हप्त्याची. भाडे, लाईटबिल, माल अन् घरखर्च त्यावर. हा आकडा वहीतल्या आकड्याशी जुळत नसेल तर कर्ज कमी करावे.

हात शिकवून घ्यायचा असेल तर आयटीआयमध्ये दहावी पास मुला-मुलींसाठी एक वर्षाचा कॉस्मेटॉलॉजी अभ्यासक्रम आहे. जिल्ह्याच्या आरसेटीमध्ये ब्युटी पार्लरचे प्रशिक्षण मोफत असते.

कागदपत्रांत कामगार थोडेच असतील तर दुकाने अधिनियमाखाली ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटाला हजार रुपये देऊ नयेत.

खरेदीच्या दिवशी

पुण्याची बोहरी आळी, मुंबईचा क्रॉफर्ड मार्केट परिसर इथे घाऊक माल स्वस्त पडतो. पण खुर्ची, ड्रायर, गीझर अशी बिघडणारी वस्तू जवळच्या शहरातून घेतलेली बरी. दुरुस्तीला दोनशे किलोमीटर गेले की वाचलेला पैसा गाडीभाड्यातच जातो.

तीन दुकानांचे जीएसटी क्रमांकासह कोटेशन घ्यावे. बँकेलाही ते लागते अन् भावाची घासाघीसही होते. सेटमधली प्रत्येक वस्तू वेगळ्या भावाने लिहून मागावी. नको ती ओळ तिथेच खोडावी. वॉरंटी कार्डावर शिक्का अन् तारीख घ्यावी. जुने सामान घेताना आरसा, बाक, ट्रॉली चालेल; जुना ड्रायर अन् जुनी कात्री-वस्तरे नको.

हातातल्या पैशाचे तीन भाग करावेत. निम्मा खुर्ची, हत्यारे अन् आरशाला. पाव लाईट-पाणी, अर्थिंग अन् आडोशाला. उरलेला पाव हातात राखावा, पहिल्या तीन महिन्यांचे भाडे अन् मालासाठी. हा शेवटचा पाव सामानात घालायचा नाही. श्रावण येतो, पाऊस लांबतो, बाजार पडतो. त्या महिन्यात हप्ता भरायला तोच पैसा कामी येतो.